पास असताना काढलेली तिकिटे

माझ्या या हिवाळ्यातल्या प्रवासाच्या तीन हकिकती सध्या चंद्रपुरात फिरत आहेत आणि त्यांपैकी एकही माझी नाही. पहिली माझे साडू मनोहरराव यांची. तिच्यात एका कंडक्टरने मला दमदाटी केली आणि मी पास खिशात असताना घाबरून तिकीट काढले. दुसरी सलीमभाई फोटोवाल्यांची. तिच्यात मी पास आलापल्लीच्या खोलीत विसरलो आणि ते कबूल करण्याची लाज वाटून गप्प राहिलो. तिसरी आमच्या सौभाग्यवतींची. ती सर्वांत सौम्य आणि म्हणूनच सर्वांत झोंबणारी आहे. त्या एवढेच म्हणतात, ''वय झालं आता त्यांचं.''

तिन्ही हकिकतींचा उगम एकच. मी परतल्यावर कोट धुवायला टाकताना त्याच्या खिशातून सात दिवसांचा पास निघाला आणि त्याच्यासोबत एटापल्लीकडची तिकिटे निघाली. पासाच्याच मुदतीतली तिकिटे. सौभाग्यवतींनी ती बहिणीला दाखवली, बहिणीने नवऱ्याला, आणि मनोहररावांपर्यंत पोहोचलेली गोष्ट सलीमभाईंच्या पठाणपुऱ्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही.

मी आयुष्यभर चंद्रपूरच्या कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिले. त्या सवयीने उत्तर देतो. तिकिटे काढली, हे मान्य. मी सिरोंच्याला गेलो नाही, हेही मान्य. उरलेला सर्व मजकूर नाकबूल.

चंद्रपूर

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून माझ्या टेबलासमोरची अर्धी गर्दी गेली. त्यापूर्वी एटापल्लीचा, भामरागडचा, सिरोंच्याचा माणूस दोन-दोन दिवस प्रवास करून माझ्यापुढे येऊन उकिडवा बसे. मी त्याच्या गावाचे नाव विचारी, मौजा अमुक, तालुका अमुक असे वळणदार अक्षरांत लिही, आणि तो अंगठा उमटवून निघून जाई. अशी शेकडो गावे मी लिहिली. त्यांतले एकही पाहिले नव्हते. टेबल मुलाच्या स्वाधीन केल्यावर ही गोष्ट मला खुपू लागली. एखाद्या मुलुखाची नावे जन्मभर लिहायची आणि त्याची माती पायाला लागू द्यायची नाही, यात काहीतरी अप्रामाणिक आहे असे वाटू लागले.

त्याच सुमारास एस.टी.च्या नव्या पासाची पाटी स्थानकावर लागली. एकदा रक्कम भरायची आणि सात दिवस कोणत्याही साध्या गाडीत, राज्यात वाटेल तिथे, वाटेल तितक्या वेळा बसायचे. मनोहरराव म्हणाले, यात काहीतरी मेख आहे. सरकार फुकट फिरवत नसते. मी त्यांना सांगितले की फुकट कोणी म्हटले आहे? तिकीट अंतर विकते, हा पास वेळ विकतो. तिकीट घेणारा माणूस कुठे उतरायचे ते आधी ठरवतो. पासवाल्याला ते गाडीत बसल्यावरही ठरवता येते. ज्याला फिरायचे आहे त्याने वेळ विकत घ्यावा. मनोहररावांना हे पटले नाही, यावरून ते मला अधिकच पटले.

पासाला फोटो लागतो. तो काढायला मी सलीमभाईंकडे गेलो. आमची मैत्री जुनी. काळ्या कापडाखालून त्यांनी सूचना केली, ''बाबूजी, हसू नका. पासवाले समजतील दुसराच माणूस हाय.''

खिडकीवरच्या कारकुनाने फोटो चिकटवला आणि शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर पडेल असा मारला. माझी सही घेतली. पास दुसऱ्याला देता येणार नाही, आरक्षणाचा हक्क सांगता येणार नाही, मुदत पहिल्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून सातव्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत, कंडक्टर मागेल तेव्हा दाखवायचा आणि त्याने पासाचा क्रमांक आपल्या कागदावर टिपून घ्यायचा. हे सारे पाठीमागे छापलेले होते. मी ते खिडकीसमोर उभा राहूनच वाचून काढले. मागच्या रांगेने थोडी कुरकुर केली. कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचावा, हे मी लोकांना उभी हयात सांगत आलो होतो. स्वतः कसा मोडणार?

आरमोरी

पहिला मुक्काम आरमोरीला पुतण्याकडे केला. वाटेत मूल, सावली, मग वैनगंगेचा पूल आणि गडचिरोली. दोन्ही अंगांना धानाच्या कापलेल्या बांध्या, खळ्यांवर मळणी. आमच्या चंद्रपुरात हवेत कोळशाचा कण असतो आणि पांढरा सदरा संध्याकाळी पांढरा राहत नाही. इथे हवेत तणसाचा गोड वास होता. पुतण्याच्या घरी नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ आणि तळ्यातली मासोळी. सूनबाईंनी जयभीम करून पुढ्यात ताट ठेवले आणि पास बघायला मागितला. शेजारच्या बायाही आल्या. पास हातोहात फिरला. एका म्हातारीने माझ्या फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहून विचारले, ''भाऊ, हे कार्ड असलं का ड्रायव्हर तुमच्या घरी येते का?''

दुसऱ्या दिवशी आरमोरीच्या स्थानकावर पहिली लढाई झाली. कंडक्टरने असा पास कधी पाहिला नव्हता. शाळेच्या पोरांचा पाहिला होता, पत्रकारांचा पाहिला होता. त्याने मला उतरायला सांगितले. मी उतरलो नाही. पासाची पाठ वाचून दाखवली, पहिल्या कलमापासून, गाडी उभी असताना, सर्वांना ऐकू जाईल अशी. त्याने स्थानकप्रमुखाला बोलावले, प्रमुखाने मान हलवली, आणि कंडक्टरने क्रमांक टिपून दोन घंट्या दिल्या.

मनोहरराव म्हणतात की मी भांडखोर आहे. याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. मी लहान असताना या मुलुखात खाजगी सर्व्हिस मोटारी चालत. भाडे सर्वांना सारखेच पडे. पण आमच्या वस्तीतल्या माणसाने भाडे देऊन टपावर बसायचे, सामानात. पावसातही. माझे वडील तसे बसलेले मी पाहिले आहेत. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली आणि टपावरून खाली उतरलो. तेव्हा कोणत्याही गाडीत, कोणत्याही रिकाम्या जागेवर बसण्याचा माझा हक्क ज्या कागदावर छापला आहे, तो मी मोठ्याने वाचणारच. ज्यांना जागा जन्मतःच मिळाली त्यांना तो पुटपुटला तरी चालतो.

पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. प्रत्येक गाडीत तीच लढाई आणि तोच निकाल. आष्टीला गाडीचे टायर बसले आणि आम्ही सारे उतारू सडकेच्या कडेला बोरे खात बसलो. एकाने विचारले, गाडी बंद पडली त्या वेळेचे पैसे पासवाल्याला परत मिळतात का? प्रश्न चांगला होता. मी पाठ पुन्हा वाचली; त्यावर एक अक्षर नव्हते. आलापल्लीला सागाचे ओंडके घरांपेक्षा उंच रचलेले पाहिले. त्या एका गावातले लाकूड पाहून कळते की आमच्या शहरातली दारे-खिडक्या कुठून चालत आली आहेत.

बोडमेट्याची गाडी

आता मूळ गोष्टीकडे येतो.

अनेक वर्षांपूर्वी माझ्या टेबलासमोर लालसू नावाचा एक माडिया गृहस्थ आला होता. गाव बोडमेटा, एटापल्लीच्या पुढे, सूरजागडच्या डोंगरांच्या बाजूला. त्याला गावापर्यंत गाडी हवी होती. त्याची बायको बाळंतपणात अडली तेव्हा चौघांनी तिला खाटेवर घालून एटापल्लीच्या दवाखान्याकडे चालवले आणि अर्ध्या वाटेत खाट खाली ठेवावी लागली. मूल वाचले. एवढे त्याने दोन वाक्यांत सांगितले आणि मी दोन पानांत लिहिले. तो अर्ज माझ्या हातून उतरलेल्या चांगल्या अर्जांपैकी होता. पुढे तसेच आणखी दोन लिहिले. मग जिल्हा वेगळा झाला आणि लालसू यायचा बंद झाला.

एटापल्लीच्या फाट्यावर उभा असताना एक गाडी आली. काचेमागच्या पाटीवर खडूने लिहिले होते: बोडमेटा, मुक्काम. मला काय वाटले ते लिहिणार नाही. गाडी आली होती. त्या तालुक्यातले एक पुढारी ती आपण आणली असे सांगतात म्हणे. त्यांनी तिच्यासाठी एक ओळ तरी लिहिली असेल तर दाखवावी.

कंडक्टरचे नाव वामन. तिशीतला, बारीक, बोलायला कमी. गाडी अर्ध्याहून जास्त रिकामी होती. त्याने पास हातात घेतला, मी नेहमीप्रमाणे पाठ वाचू लागलो, तर त्याने मध्येच थांबवले.

''चालते म्हणता तं चालते, बाबूजी.'' त्याने क्रमांक टिपला आणि पास परत दिला. ''पन एक शीट गेली.''

भोवती वीस जागा मोकळ्या दिसत असताना कोणती जागा गेली, हे मला कळेना. मी विचारले. तो पुढच्या माणसाकडे वळला होता.

माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. जैनी तिचे नाव. हातात पिशवी नाही, टोपली नाही, डोक्यावर मोळी नाही. बाजाराचा दिवसही नव्हता. कुठे गेली होती, असे मी विचारले.

''कुठीच नाई.''

''मग गाडीत का बसलात?''

''आज आमची पाळी होती ना,'' ती म्हणाली, जणू मी सूर्य का उगवला असे विचारत होतो.

रस्ता लाल मातीचा. जंगल दोन्ही बाजूंनी इतके जवळ येते की फांद्या खिडकीतून आत डोकावतात. दूर सूरजागडचे डोंगर निळे होत गेले. त्या डोंगरांत लोखंड आहे आणि ते न्यायला कोणीतरी येणार असे गाडीत बोलत होते. जैनीला त्याबद्दल काय वाटते विचारले, तर ती म्हणाली की जे येतील ते याच गाडीने आले तर बरे होईल.

बोडमेट्याला पोहोचलो तेव्हा उजेड होता. गाडी घोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, अंगणाजवळ थांबली. पोरे धावत आली. माझ्यासाठी नव्हे, गाडीसाठी. ड्रायव्हरने चाके तपासेपर्यंत कोणीतरी तिच्या काचा ओल्या फडक्याने पुसू लागले. लालसू मला ओळखू शकला नाही. मी अर्जाची पहिली ओळ म्हणून दाखवली. मग त्याने माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

त्याच्या अंगणात शेकोटीभोवती लोक जमले. तांदळाच्या कण्यांची पेज, सेमीच्या शेंगा आणि कुळथाची डाळ पानांच्या द्रोणांत आली. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. इथे द्रोण रिकामा झाला की तो न बोलता भरतात, आणि पुरे झाले हे हाताने झाकून सांगावे लागते. हे मला उशिरा कळले, म्हणून मी फार जेवलो. वामन आणि ड्रायव्हर दुसऱ्या घरी जेवत होते. त्यांच्या जेवणाचीही पाळी असते.

तेव्हा लालसूने पाळीची गोष्ट सांगितली. गाडी सुरू झाली ती कायमची नव्हती. होळीपर्यंत चालवून पाहायची, फेरीचे उत्पन्न पुरेसे दिसले तर ठेवायची, नाहीतर एटापल्लीलाच थांबवायची, असे वरून सांगितले होते. आता बोडमेट्याच्या माणसाला रोज एटापल्लीला कशाचे काम असणार? पहिले काही दिवस गाडी रिकामी गेली. मग गाव बसले आणि ठरले. गावची ढोरे जशी घरोघरच्या पाळीने चारायला नेतात, तशीच गाडीचीही पाळी लावायची. ज्या घरांची पाळी त्या घरचे एकेक माणूस सकाळच्या गाडीने जाणार, एटापल्लीच्या झाडाखाली बसणार आणि संध्याकाळच्या गाडीने परत येणार. दोन्ही वेळचे तिकीट काढून. काम असो वा नसो.

''गाय असो का गाडी,'' लालसू म्हणाला, ''पाळीनं चारली तं जगते.''

त्याची सून अंगणाच्या कडेला बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. तिचा नवरा म्हणजे खाटेवर जन्मलेले तेच मूल. गाडी कोणासाठी जगवायची ते तिच्याकडे पाहून कळत होते.

मग लालसू उठून उभा राहिला आणि गोंडीत सर्वांना काहीतरी सांगू लागला. चंद्रपूर हा शब्द दोनदा आला. लोक माझ्याकडे पाहून हसू लागले. एकाने माझ्या पायाला हात लावला. मला वाटले, अर्जांची गोष्ट निघाली असेल. खरे सांगायचे तर मी त्या गोष्टीची वाटच पाहत होतो. लालसू माझ्याकडे वळला.

''सांगतलं मी, भाऊ. आमच्या गाडीत चंद्रपूरचं तिकीट आजवर कोनी नाई काढलं. इतकं मोठं तिकीट! तुमी आमच्या गाडीले एका दिवसात आठवड्याचा चारा टाकला. दाखवा ना थे तिकीट. पोरायले पाहू द्या.''

चंद्रपूरहून आलेल्याने तिकीटही तिथूनच काढले असणार, असा त्याचा समज दिसला. मी पास काढून दिला.

त्याने तो शेकोटीच्या उजेडात धरला. फोटो पाहिला, शिक्का पाहिला, उलटून पाठ पाहिली. कंडक्टरच्या चिमट्याचे छिद्र शोधले. पास हातोहात फिरला, आरमोरीत फिरला होता तसाच. फक्त इथे कोणी काही विचारले नाही. वामनच्या पेटीतली तिकिटे कशी दिसतात हे त्या गावातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक होते.

''हे तं तिकीट नोहय,'' लालसू हळूच म्हणाला.

मी समजावले. मी गप्प बसणाऱ्यांपैकी नाही. पैसे चंद्रपूरच्या खिडकीवर भरलेले आहेत. ती खिडकी आणि ही गाडी एकाच मालकाची. या खिशात काय आणि त्या खिशात काय, रक्कम शेवटी एकाच पेटीत जाते. वामनने क्रमांक टिपला आहे, म्हणजे उतारू बसला याची नोंदही झाली. मुद्दे बिनतोड होते. आजही आहेत. लोकांनी ते शेवटपर्यंत ऐकले.

जैनीने फक्त एक प्रश्न विचारला. ''हाव भाऊ. पन तुमी बसले, तं गाडीच्या पोटात काय गेलं?''

चंद्रपूरच्या खिडकीच्या पोटात सर्व काही गेले होते. या गाडीच्या पोटात माझे वजन गेले होते. वामनच्या 'एक शीट गेली' या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला. त्या रस्त्यावर येणारा परगावचा माणूस महिन्यातून एखादा. तो आला आणि तिकिटाविना आला.

लालसूने पास पुसून माझ्या हातात दिला आणि मला उगाच वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, ''कोर्टात तुमीच जितसान, भाऊ.''

पुन्हा तोच रस्ता

मला त्यानंतर भामरागड करून सिरोंच्याला जायचे होते. प्राणहिता आणि गोदावरी जिथे मिळतात ते पाहायचे होते, तेलुगू कानावर घ्यायची होती. सलीमभाईंनी तिथल्या घाटाचे वर्णन पुष्कळ ऐकवले होते. पासाचे निम्म्याहून अधिक दिवस शिल्लक होते.

सकाळी गाडीजवळ पाळीची माणसे उभी होती. त्यात लालसू होता. रात्रीपासून त्याला ताप भरला होता, अंगावर घोंगडे, डोळे लाल. तरी घरची पाळी चुकवायची नाही म्हणून येऊन उभा राहिला होता. मुलगा कूप कटाईच्या, म्हणजे लाकूडतोडीच्या, कामावर जंगलात, सून अशा अवस्थेत. मी त्याला घरी जायला सांगितले. तुझी पाळी आज मी करतो, म्हणालो. तो नको नको म्हणत राहिला, जैनीने त्याला गोंडीत काहीतरी सुनावले, आणि तो गेला.

मी वामनसमोर बसलो आणि एटापल्लीचे तिकीट मागितले.

''बाबूजी, तुमच्यापाशी पास हाय.''

''आहे.''

''मंग तिकीट कायचं? पासवाल्याले तिकीट देल्लं तं मलेच विचारतीन.''

''पासधारकाने तिकीट काढू नये असे कुठे लिहिले आहे ते दाखवा,'' मी म्हणालो आणि पास पाठीकडून त्याच्यापुढे धरला.

त्याने वाचले. प्रामाणिकपणे, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. मीही त्याच्याबरोबर पुन्हा वाचले, कारण या बाजूने तो कागद मी कधी वाचलाच नव्हता. तसे कलम कुठेच नव्हते. कोणाला ते लिहावेसेच वाटले नसणार.

''तुमी भांडल्याबिगर गाडीत बसतच नाई का?'' वामनने विचारले. पण तो पहिल्यांदा हसला होता. त्याने पेटीतून तिकीट काढले, चिमटा मारला आणि माझ्या हातात ठेवले. मागे कोणीतरी टाळी वाजवली.

मनोहररावांनी हा भाग नीट वाचावा. कंडक्टर तिकीट द्यायला तयार नव्हता. मी ते भांडून घेतले.

एटापल्लीला आम्ही पाळीवाले दिवसभर एका मोहाच्या झाडाखाली बसलो. माझ्या आयुष्यातला इतका रिकामा दिवस मला आठवत नाही. एकाने विड्या वळल्या, जैनीने झोप काढली, मी येणारे-जाणारे पाहिले. जन्मभर मी लोकांना सांगत आलो की आपले म्हणणे कागदावर मांडल्याशिवाय सरकारला ऐकू जात नाही. लालसूसाठी मी तीन अर्ज लिहिले आणि मला माझ्या लेखणीचा अभिमान होता. तो अजूनही आहे. पण त्या झाडाखाली ध्यानात आले की या लोकांनी अर्ज करणे थांबवलेले नव्हते. ते रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा अर्ज करीत होते, आणि तो वामनच्या पेटीतून मिळत होता. त्यावर वळणदार अक्षर नव्हते, विनंती नव्हती, अंगठाही नव्हता. मागणी मात्र स्वच्छ होती.

संध्याकाळी परतीचे तिकीट काढले. दुसऱ्या दिवशी लालसूचा ताप उतरला नव्हता. जैनीच्या शेजारच्या घरी मळणी होती आणि माणूस नव्हते. मी गेलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी सांगितले नाही तरी गेलो. माझ्या पासाची मुदत आतल्या खिशात एकेका मध्यरात्रीने संपत गेली आणि मी बोडमेटा ते एटापल्ली, एटापल्ली ते बोडमेटा एवढाच रस्ता करीत राहिलो. सिरोंचा राहिला. त्या रस्त्यावरचे प्रत्येक वळण मात्र मला पाठ झाले. ओढ्याजवळ मोर कोणत्या वेळी असतात हेही कळले. वामन शेवटी विचारण्यापूर्वीच तिकीट फाडू लागला.

शेवटचा दिवस चंद्रपूरला पोहोचण्यात गेला. एटापल्लीपर्यंत तिकीट काढले. तिथे वामनने दोन घंट्या देऊन गाडी पुढे काढली, आणि मी आलापल्लीच्या गाडीत चढून कोटाच्या आतल्या खिशातून पास बाहेर काढला. तिथल्या कंडक्टरने असा पास कधी पाहिला नव्हता. मी पाठ वाचून दाखवली.

वाचकांसाठी

ज्यांना या मुलुखात जायचे आहे त्यांनी हा पास अवश्य घ्यावा. फोटो आधी काढून ठेवावा. मुदत मध्यरात्री सुरू होते, म्हणून पहिल्या पहाटेची गाडी गाठावी. दुपारी निघणारा माणूस विकत घेतलेला अर्धा दिवस घरीच खातो. पाठीमागची कलमे पाठ असावीत, आणि कोणी उतरायला सांगितले तर उतरू नये. मोठ्या रस्त्यांवर, भरलेल्या गाड्यांत, त्यासारखी सोय नाही. फक्त एटापल्लीच्या पुढे, ज्या गाडीच्या पाटीवर खडूने बोडमेटा लिहिलेले असेल तिच्यात चढताना पास आतल्या खिशात घालावा आणि तिकीट मागून घ्यावे. वामन कारण विचारणार नाही.

गाडी होळीनंतर राहते की नाही, हे आज मला ठाऊक नाही. लालसूची सून या पंधरवड्यात मोकळी व्हायची आहे. निरोप अजून आलेला नाही. आला तर तो त्याच गाडीने निघेल.

राहता राहिले मनोहरराव. त्यांना माझी ही हकिकतही अर्धीच वाटेल आणि ते पुरावा मागतील, हे मी जाणून होतो. म्हणून निघण्यापूर्वी मी लालसूला सांगून आलो आहे की चंद्रपूरला माझे एक साडू असतात, प्रकृतीने धडधाकट, दिवसभर मोकळे. होळीच्या आधीच्या सोमवारी एका घरी माणूस कमी पडत होते. ती पाळी त्यांची आहे. गावाने मान्य केली असून जैनी त्यांच्यासाठी खिडकीजवळची जागा धरणार आहे.